विसावी हजेरी

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नाही त्याने शिरूर कासारच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या त्या गावात जावं. बंकटच्या दारात उभं राहून 'तारा' अशी एक हाक मारावी.

गावातलं कुणी ती हाक मारत नाही.

साल दोन हजार तेरा. दुष्काळाचं. पौषातला सोमवार, सकाळचे साडेदहा. ऊन लख्ख पडलं होतं.

बंकट तिथल्या हायस्कूलचा शिपाई. घंटा द्यायची, टँकर आला की टाकी भरून घ्यायची, दुपारी फक्की मारून खो-खोचं मैदान आखायचं. दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं. पोरं म्हाताऱ्यांपाशी राहायची. बंकटची नात तारा तशीच त्याच्यापाशी राहिली होती. नववीत होती.

नववीचा पट बरोबर वीस. एक जरी कमी झाला तर तुकडी बंद, असं संस्थेने कळवलं होतं. आणि तुकडी बंद पडली तर ताराला उसाच्या फडावर घेऊन जाईन, असा तिच्या बापाचा निरोप होता. तिथे गेलेली पोर पुन्हा वही हातात धरत नाही, हे बंकटने घरोघर पाहिलं होतं.

एकोणीस पोरं गावात होती. विसावी बायना.

बायनाच्या घरी मागे ठेवायला म्हातारं माणूसच नव्हतं. म्हणून ती आईबापाबरोबर गेली होती. खो-खोत तिच्यासारखं पळणारी शाळेत दुसरी नव्हती. तारा आणि ती एका बाकावर बसायच्या.

वाट बंकटनेच काढली. ताराला म्हणाला, "बायनाचं नाव पुकारलं की तूच आवाज देत जा. तुमचा दोघींचा आवाज सारखाच हाय."

हेडमास्तर मोहनराव सर हजेरी घेताना मान वर करत नसत. त्यांनाही तुकडी हवीच होती.

दोन महिने तारा रोज दोनदा 'हजर' म्हणाली.

मग शनिवारी फडावरून फोन आला. उसाच्या ट्रॉलीवर बसल्या बसल्या बायनाचा डोळा लागला, आणि ती खाली आली. तिकडंच सगळं उरकलं होतं.

बुधवारी पटाची तपासणी होती.

रविवारी बंकट सरांच्या घरी गेला. बुधवारपर्यंत नाव राहू द्या म्हणाला. 

"मेलेल्या पोरीची हजेरी मांडायची का आता, बंकट?"

"तीन दिसाचाच तर प्रश्न हाय, सर."

"ताराला विचारलंस?"

"ती माझं ऐकती."

तारा रडली नव्हती. तिने एवढंच सांगितलं, "आबा, मी आता न्हाई म्हणायची." फडावर पाचटाच्या कोपीत राहावं लागेल, याची बंकटने तिला आठवण करून दिली. 

सोमवारी हजेरीच्या वेळी तो वर्गाच्या दारात उभा राहिला. सर नावं पुकारत होते. सतरा. अठरा. एकोणीस.

"बायना..."

तारा बाकाकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

"हजर."

बंकटचा जीव भांड्यात पडला. मधल्या सुट्टीत त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. शहाणी हायेस म्हणाला.

"आबा, ते मी न्हाई म्हणले."

त्याला वाटलं, पोर रुसली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी खो-खोचा सराव होता. बायना फडावर गेल्यापासून मुली आठच होत्या. एक धावायची, सात जणी बसायच्या, आणि चौथी चौकट मोकळी राहायची. ती बायनाची. पाचव्या चौकटीतली तारा एकाएकी उठून पळत सुटली. सरांनी शिट्टी मारली. खो कुणी दिला, असं विचारलं. धावणारी तर पार दुसऱ्या खांबापाशी होती.

"पाठीवर हात पडला की," तारा म्हणाली.

मुली हसल्या.

सगळ्या घरी गेल्यावर बंकट खांबाची सुतळी सोडायला मैदानावर गेला. पाण्याचा थेंब नसलेलं ते मैदान. पीठ सांडावं तसा फुफाटा. चौथ्या चौकटीत...

दोन अनवाणी पावलं उमटली होती. उकिडवं बसलेल्या माणसाची असतात तशी. चवडे खोल, टाचा उचललेल्या.

आत आलेलं पाऊल नव्हतं. बाहेर गेलेलंही नव्हतं. फक्की कुठेच मोडली नव्हती.

बंकटने पायाने माती सारखी केली. कुणाला काही सांगितलं नाही. बुधवार व्हायचा होता.

बुधवारी साहेब आले. डोकी मोजतील म्हणून दहावीतली एक मुलगी ताराशेजारी बसवायची ठरलं होतं. ती वर्गात गेली आणि तशीच माघारी बंकटकडे आली.

"तात्या, तिथं जागा न्हाई."

बंकटने आत डोकावून पाहिलं. बाकावर तारा एकटीच होती. एका कडेला सरकून बसलेली.

साहेबांनी बोट फिरवत मोजलं. बंकटही मनात मोजत होता. त्याचे एकोणीस भरले.

"वीस," साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा मोजलं. वीसच. पोहे खाल्ले, सही केली आणि गेले. तुकडी राहिली.

गुरुवारी सरांनी बायनाच्या नावावर लाल रेघ मारली. बंकटला हलकं वाटलं. हजेरी सुरू झाली.

"तारा..."

ताराने मान वर केली. तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने पुन्हा उघडलं.

"हजर."

आवाज तिच्या शेजारून आला होता. रिकाम्या जागेवरून.

सरांनी मान वर न करता खूण केली.

त्या दिवसापासून तारा बोललेली नाही. बीडच्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही दोष नाही म्हणाले. दहावीची परीक्षा तिने दिली, पासही झाली. लिहायला आवाज लागत नाही. बापाने तिला फडावर नेलं नाही. बंकटने जे मागितलं ते सगळं त्याला मिळालं.

आता तो थकला आहे. कधीतरी विसरतो आणि हाक मारतो. तारा समोरच चुलीपाशी असते, भाकरी थापत. ओठ मिटलेले. आणि उंबऱ्यापासून उत्तर येतं...

"हजर."

नववीतल्या पोरीचाच आवाज. तो मोठा झालेला नाही.

म्हणून बंकट आता काठी आपटतो. तारा पाणी आणून देते.

दुसऱ्या नावाने हाक मारून बघावी, असं त्याच्या मनात अनेकदा येतं. त्या नावाला कदाचित तारा तोंड उघडेल.

अजून त्याने ती हाक मारलेली नाही.