नववा चेलो

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. मी स्वतः तिथे बसले होते.

माझ्या लेकीच्या, शीतलच्या, धाकटीचं नामकरण झालं, ते वर्ष. २०२३. डिसेंबरचा दुसरा रविवार, भर दुपार. मुलुंडमधल्या एका शाळेचा हॉल.

माझा भाचा मुकुल चेलो वाजवायचा. व्हायोलिनसारखंच, पण माणसाएवढं वाद्य. गुडघ्यांत धरून, तारांवर गज फिरवून वाजवतात. खालचं लोखंडी टोक जमिनीत रुततं. अंबादास सरांनी त्याला शिकवलं. पुढे बारा वर्षं दोघे ऑर्केस्ट्रात शेजारी बसले. नोटेशन एकच, पानं उलटायची मुकुलने.

त्या वर्षी मुकुलला पहिल्यांदा ऑर्केस्ट्रा चालवायला मिळाला. सरांचा हात थरथरायला लागला होता.

"सर, या वेळी तुम्ही आराम करा," मुकुल म्हणाला.

सर घरी राहिले.

त्यांची खुर्ची मात्र कोणी उचलली नाही.

दोन वाजता सराव सुरू झाला. मी डबा घेऊन गेले होते. मागे समितीची माणसं बसलेली. त्यांना पसंत पडलं तर मुकुल कायमचा कंडक्टर. नाहीतर परत खुर्चीत.

मुकुलने हाताने थांबवलं. सगळे थांबले.

एक चेलो... जरा उशिरा थांबला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

मुकुल चेलोवाल्या शर्मिष्ठाला म्हणाला, "मला नऊ चेलो ऐकू येतायत."

"आठच आहोत रे आम्ही. नववा काय अंधेरीहून मागवू?"

सगळे हसले. मुकुल हसला नाही.

"गज वर करा. सगळ्यांनी."

आठही गज हवेत गेले. मुकुलने एकट्यानेच हात हलवला...

आवाज आला.

खोल, खालचा. माझ्या तळपायांना जमीन थरथरताना कळली.

शर्मिष्ठा वाकली. रिकाम्या खुर्चीपुढे लाकडी फळीला ताजं भोक पडलं होतं. भोवती पांढरा भुसा.

मुकुल माझ्याजवळ आला आणि त्याने सरांच्या घरी स्पीकरवर फोन लावला. सरांच्या पत्नी जयंतीकाकूंनी उचलला.

"काकू, सर कुठेत?"

"खुर्चीत. दोन वाजल्यापासून डोळे मिटून बसलेत. हाक मारली तर ओ नाही. उजवा हात नुसता हवेत चालतोय. घामाघूम झालेत रे. मध्येच थांबतात... आत्ता थांबलेत बघ."



"डॉक्टरांना बोलावलंय," काकू म्हणाल्या. "तू काय करतोयस तिकडे? जे करतोयस ते बंद कर, बाबा."

मी म्हटलं, "मुकुल, चल घाटकोपरला, सरांकडे. आत्ताच्या आत्ता."

त्याने समितीकडे पाहिलं. एकजण घड्याळ बघत होता.

"आत्या, पंधरा मिनिटांचंच राहिलंय."

त्याने हात उचलला.

मी त्याला अडवू शकले असते. अडवलं नाही.

या वेळी तो कुठेच थांबला नाही. पायाखालची थरथर वाढत गेली. इतकं सुंदर त्या ऑर्केस्ट्राने आधी कधी वाजवलं नव्हतं. शेवट जवळ आला...

आणि थरथर बंद झाली. वर सगळे वाजवतच होते.

समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मुकुल आता मोठा कंडक्टर आहे. कार्यक्रम असला की मला पास पाठवतो. मी जात नाही. त्याला कारण माहीत आहे, म्हणून तो विचारत नाही.

अंबादास सर १० डिसेंबर २०२३ रोजी, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, घाटकोपरच्या घरी बसल्या जागीच गेले.