तीन मुक्कामांचा कागद

बायको गेल्यावर गावाने मला एकटं असं सोडलंच नाही. शेजारीण सूप घेऊन यायची आणि मी ते संपवेपर्यंत हलायची नाही. त्यात मुलगी बुरुल मला शहरातल्या तिच्या फ्लॅटमध्ये न्यायला निघाली.

"बाबा, तुम्हाला एकटं राहणं जमायचं नाही."

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे ऐकवलं! मी चिडलो. म्हटलं, भर हिवाळ्यात तीन खिंडी पायी ओलांडतो. दर मुक्कामाला यजमानाने कागदावर 'एकटे आले' असं लिहायचं. तिन्हीकडे लिहिलं तर मी माझ्याच घरात राहणार. बुरुलने मान्य केलं, कारण मी पहिल्याच दिवशी परत येईन याची तिला खात्री होती.

पहिली खिंड गुडघाभर बर्फातून पार केली. संध्याकाळी मेंढपाळ शाबदानने दार उघडलं.

"या मास्तर. त्यांनाही आत घ्या, गारठलेत."

मी मागे पाहिलं. नुसता बर्फ.

आमच्याकडे जेवताना पुढ्यात आलेल्या मेंढीच्या हाडावरून माणसाचं वय कळतं. मला कमरेचं हाड मिळालं, म्हणजे मोठ्याचा मान राखला. माझ्या डावीकडे, रिकाम्या जागी, शाबदानने खांद्याचं ठेवलं आणि कागदावर लिहिलं, 'दोघे आले.'

"अरे, मी एकटा आहे!"

"हळू बोला. त्यांना वाईट वाटेल."

शाबदानने चढवली असणार असं मी ठरवलं. चहाखेरीज काही प्यायला नव्हता, पण काहीतरी ठरवणं भाग होतं.

दुसऱ्या खिंडीच्या माथ्यावर वळून पाहिलं. पावलं एकाच माणसाची होती. जरा जास्तच खोल होती, पण मोजणी बरोबर होती. मी खूश झालो.

खाली दुसऱ्या मुक्कामी अनारकुल म्हातारीने कमरेचं हाड डावीकडे ठेवलं आणि माझ्यापुढे खांद्याचं.

"आजी, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे!"

"असशील. ते मोठे आहेत."

"बोलले तुमच्याशी?"

"तुझ्यासारखी बडबड नाही करत," असं म्हणून तिनेही लिहिलं, 'दोघे.'

रागाने मी त्या हाडाला हातही लावला नाही. सकाळी डावीकडचं मात्र चाटूनपुसून साफ होतं.

आता एक तरी 'एकटे' हवं होतं, म्हणजे बुरुलशी भांडता आलं असतं. तिसऱ्या घरी तोलोगोनने दार उघडलं आणि माझ्या मागे न पाहता म्हणाला, "मास्तर, एकटेच? या वयात?"

मला रडूच आलं. त्याने लगेच कागद मागून घेतला, मोठ्या अक्षरांत 'एकटे आले' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग मेंढीचं डोकं आलं. ते सगळ्यात मानाच्या पाहुण्याचं. तोलोगोनने ते माझ्या डावीकडे ठेवलं.

माझ्यापुढे काहीच नव्हतं.

"तोलोगोन, मी इथे आहे," मी म्हणालो.

त्याच्या सुनेने रोट्यांची परडी आणली, ठेवायला जागा शोधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मुलीला दाखवा मास्तर," तोलोगोन डावीकडे बघून हसला. "आता कोण तुम्हाला घरातून हलवतं बघू!"

त्याने कागद तिकडे पुढे केला आणि सोडला. कागद खाली पडला नाही.