सिमिटचा दुसरा घाणा

डाव्या पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या किराणा दुकानात उर्वी वरच्या फळीवरच्या तिळाच्या पाकिटाकडे बघत उभी होती.

"पॉलिशचे की बिनपॉलिशचे?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने वळून पाहिलं. उंच मुलगा, कानटोपीवर वितळणारा बर्फ.

"बिनपॉलिशचे... पण मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"तू तिळांना शिव्या देत होतीस. मराठीत."

उर्वी कानापर्यंत लाल झाली.

त्याचं नाव निहार. जन्म शिकागोजवळचाच, काम पुलांच्या डिझाइनचं. त्याने तिची पिशवी बसस्टॉपपर्यंत नेली, निसरडा फुटपाथ पाहिला आणि म्हणाला, "बस कॅन्सल कर. मी सोडतो."

"अनोळखी माणसाच्या गाडीत?"

"आईला फोन लावून देतो. ती सर्टिफिकेट देईल. लांबलचक देईल."

आणि खरंच, उर्वीचं घर येईपर्यंत त्याची आई स्पीकरवर बोलत होती.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. भाजी आणायचा, तिच्या दारापुढचा बर्फ उपसायचा, चहा घ्यायचा. एकदा त्याने इस्तंबूलच्या गोष्टी सांगितल्या. तिथे तो एका पुलाच्या कामावर होता. सकाळी हातगाडीवरून सिमिट घ्यायचा... तिळात घोळवलेलं पावाचं कडं, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ.

"तसा इथे कुठे मिळाला नाही, यार," तो म्हणाला. उर्वीने ते लक्षात ठेवलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, त्याने गाडी सुरू केलीच नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. मग घाईने, "लगेच बोलू नकोस. पूर्ण विंटर तू मला थँक्स म्हणतेयस. त्याची परतफेड म्हणून हो म्हणू नकोस, प्लीज. रविवारी सांग."

उत्तर तिला तेव्हाच माहीत होतं. अडचण वेगळीच होती. इतक्या वेळा आभार मानल्यावर तिचा होकार त्याला होकार वाटणार कसा?

रविवारी सकाळी तिने सिमिटसाठी कणीक मळली. दोन लांब वळ्या एकमेकींत पिळायच्या, टोकं जुळवून कडं करायचं, पाणी घालून पातळ केलेल्या द्राक्षाच्या काकवीत बुडवायचं, तिळात घोळवायचं. द्राक्षाची नव्हती, तिने कोल्हापूरची उसाची काकवी घेतली. पण पाणी? पाहुण्यासाठी करायचं आणि पातळ करून वाढायचं, हे तिच्या घरच्या रीतीत कधी बसलंच नव्हतं. तिने काकवी तशीच चोपडली. सढळ हाताने.

निहार आला तेव्हा स्मोक अलार्म किंचाळत होता. त्याने टॉवेल हलवून तो गप्प केला, ट्रेमधलं एक काळं कडं उचललं आणि चावलं.

"खाऊ नकोस. कडू आहे."

"आहे." तो चावत राहिला. "पाणी नाही घातलंस? नुसती काकवी जळते."

"पाहुण्याला पातळ काकवी?"

"मी पाहुणा आहे?"

उर्वीने वाडगा त्याच्यापुढे सरकवला. त्यात थोडी कणीक उरली होती. त्याने बाही वर केली आणि काकवीत पाणी ओतलं. दोघं वळ्या पिळू लागले. त्याच्या कड्याचा आठचा आकडा झाला.

"पूल असेच बांधतोस?"

"पुलाची टोकं दोन काठांवर असतात. एकमेकांना चिकटवावी लागत नाहीत."

तिने त्याच्या बोटांवर बोटं ठेवून टोकं दाबून दिली... आणि हात काढायचा राहून गेला. ट्रे ओव्हनमध्ये गेला तेव्हाही त्याचा एक हात तिच्याच हातात होता. तिळाचा खमंग वास सुटला.

"उर्वी," तो हळूच म्हणाला, "हे सगळं... थँक्स म्हणून?"

"पहिला घाणा थँक्सचा होता. तो जळाला." तिने मान वर केली. "तुझे आभार आहेतच, निहार. जन्मभर राहतील. पण शनिवारी तू यायच्या आधी मी भिंत धरून खिडकीशी जाऊन उभी राहायचे, ते काही भाजीसाठी नव्हतं. तू रिकाम्या हाताने आला असतास, तरी उभी राहिले असते."

"मग मला दर वेळी एवढी मोठी लिस्ट का पाठवायचीस?"

"भूकही लागायची ना."

तो हसू लागला. टायमर वाजला.

"काढ ना, जळतील," ती म्हणाली.

"हात सोड मग."

तिने सोडला नाही. त्याने मोकळ्या हाताने टॉवेलच्या टोकात ट्रेची एक कड धरली, तिने दुसऱ्या टोकात दुसरी. सोनेरी सिमिट दोघांनी मिळून, जपून, बाहेर काढले.