तीन वेळा बेल वाजवली

“पेन हवंय?”

कोर्टाच्या खिडकीपाशी मी पर्स उलटीपालटी करत होते. शेजारच्या माणसाने पुढे केलेलं पेन घेतलं, सही ठोकली आणि माझ्याच खटल्याची नक्कल हातात पडली.

खटला झाला याचा मला पत्ताच नव्हता! आईच्या आजारपणात क्रेडिट कार्ड वारेमाप वापरलं, हप्ते थकले, सगळं कबूल. पण बँकेने दावा लावून एकतर्फी निकालही मिळवला, हे मला कळलं ते पगार कापून आला तेव्हा. समन्स आलंच नव्हतं.

नकलेत समन्स बजावायला आलेल्या बेलिफाचा अहवाल होता – ‘तीन वेळा बेल वाजवली. बाई आत कुणाशी तरी बोलत होत्या. समन्स घेण्याचे टाळले.’

“धादांत खोटं! कोण हा दीडशहाणा?”

“मीच तो,” पेनवाला म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “पण खोटं नाही हो... ‘आज पुन्हा दूध उतू गेलं बघ,’ असं म्हणत होतात तुम्ही.”

माझा राग गळूनच गेला. मी एकटी राहते. आई गेल्यापासून तिच्या खुर्चीशी बोलते. आणि ते या परक्या माणसाने ऐकलं होतं!

“बेल वाजलीच नाही,” मी पुटपुटले.

संध्याकाळी तो खात्री करायला आला. बटण दाबलं... पुन्हा दाबलं. आवाज नाही.

“कधीपासून बंद आहे?”

“काय माहीत! बंद पडलीय हे कळायला कुणीतरी यावं लागतं ना.”

हसत म्हणायला गेले, पण डोळे भरून आले. दिवसभर मी लॅबमध्ये कवळ्या घडवते, लोकांना हसायला दात देते. आणि माझ्या दाराशी दोन वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. तो बटणाकडेच बघत राहिला.

“दार ठोठावायला हवं होतं मी,” तो हळूच म्हणाला. “जजसाहेबांना तसंच सांगतो.”

“अहो, तुमच्या नोकरीवर गदा येईल!”

“पगारवाढ रोखतील फार तर. पण तुमचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही ना...”

त्याने खरंच सांगितलं. निकाल रद्द झाला, दावा पुन्हा सुरू झाला. त्याची पगारवाढ रोखली गेली. मी बेल दुरुस्त करून घेतली आणि रोज तिच्याकडे बघत बसले. कुणीच आलं नाही.

रविवारी ती वाजली. मी केवढी दचकले! कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

“आहात ना आत? की टाळलं म्हणून लिहू?”

“लिहा खुशाल. पण आधी... आणखी एकदा वाजवा ना.”

त्याने चांगली तीनदा वाजवली. मी दार उघडलं, नवं समन्स घेतलं, त्याच्याच पेनाने सही केली.

“झालं माझं काम,” तो रेंगाळत म्हणाला. “आता यायला काही कारण नाही.”

“नाही,” मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं, असं झालं मला.

तो जिना उतरू लागला. पावलं ऐकू येईनाशी झाली तसं मी दार लावलं आणि आईच्या खुर्चीपाशी येऊन रडू लागले. “गेला गं तो... मला आवडला होता.”

बेल वाजली.

तो दारात उभा होता. हातात कागद नव्हता, पेन नव्हतं, कान मात्र पुन्हा लाल.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “गेलो नाहीये.”