डावीकडचा रकाना

टायपिस्टबाई डॉक्टरांकडे गेल्या झोपेची गोळी मागायला, आणि परत आल्या गृहपाठ घेऊन. "विचार आला की त्याच्यामागे धावू नका," डॉक्टर म्हणाले होते. "नुसतं बघा. आणि विचारा, हा विचार करतंय कोण?" गोळी काही दिली नाही. बाईंना थकलेलं हसू आलं. गेली वीस वर्षं त्या दुसरं काय करत होत्या?

चौकशी कचेरीत लोकांच्या जबान्या रेकॉर्ड होत आणि बाई हेडफोन लावून त्या टाइप करत. पायाखालची पट्टी दाबली की आवाज चाले, सोडली की थांबे. कागदाच्या डावीकडच्या रकान्यात बोलणाऱ्याचं नाव, उजवीकडे त्याचं बोलणं. वाक्य कोणाचं ते कळलं नाही, तर ते सरळ काढून टाकायचं. शेजारच्या टेबलावरच्या थोरल्या बाईंनी हा नियम पहिल्याच दिवशी शिकवला होता आणि बाईंनी तो आजवर मोडला नव्हता.

गृहपाठही त्यांनी तसाच करायला घेतला. जेवणाच्या सुट्टीत कोरं पान घेतलं. आलेला विचार उजवीकडे, ज्याचा असेल त्याचं नाव डावीकडे.

'पाठ ताठ ठेव.' हे आईचं. 'दिवा उगाच जळतोय.' हे सासूबाईंचं. 'जाऊ दे ना, कशाला डोक्याला ताप!' हे नवऱ्याचं. तिघांनाही जाऊन वर्षं लोटली होती, पण बोलायची हौस अजून फिटलेली नव्हती. पान भरलं. डावीकडे 'मी' एकदाही आलं नाही. शेवटी विचार आला, 'मग हे सगळं बघतंय कोण?' बाईंनी 'मी' लिहायला हात उचलला आणि थांबल्या. हे तर डॉक्टरांचं.

शनिवारी लेक शिकायला दूरच्या गावी निघणार होती. ती जायच्या आत तिला एक तरी वाक्य स्वतःचं सांगायचं, कोणाकडून आलेलं नाही असं, हे बाईंनी तिथेच ठरवलं.

शुक्रवारी जेवताना त्यांनी कचेरीतला छोटा रेकॉर्डर मिठाच्या बरणीमागे चालू करून ठेवला. मायलेकी खूप बोलल्या. लेक हसता हसता पाणी प्यायली, तिला ठसका लागला, बाईंनी तिची पाठ थोपटली. मग ताट बाजूला सारून, कितीतरी दिवस आत धरून ठेवलेलं ते बाई बोलल्या, "तुझ्याशिवाय मला भीती वाटते गं."

लेक त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आई, काय झालं? एकदम गप्प का झालीस?"

मोरीतला नळ चालू होता. त्यामुळे ऐकू गेलं नसेल, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात सामान बांधायचं निघालं आणि पुन्हा बोलायचं राहूनच गेलं.

सोमवारी त्यांनी हेडफोन लावले आणि पट्टी दाबली. लेकीचा आवाज आला. तिला उत्तर देत होती... बाईंची आई. तोच किंचित घोगरा आवाज. मग सासूबाई. मग नवरा काहीतरी म्हणाला आणि लेक खळखळून हसली. पुढे ठसका, पाठीवर थोपटल्याचा आवाज, ताट सरकल्याचा. मग नुसता नळ वाहत होता. आणि लेक म्हणाली, "आई, काय झालं?"

बाईंनी रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा... नुसता नळ.

"जरा ऐकता?" त्यांनी हेडफोन थोरल्या बाईंपुढे धरले. "किती जण आहेत, एवढंच सांगा."

थोरल्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "चौघं. एक पोरगी, दोन म्हाताऱ्या, एक पुरुष. ही तुझी लेक ना गं?... मग तू कुठे गेली होतीस?"

बाई उठल्या, जिन्यात गेल्या आणि लेकीला फोन लावला.

"तुझ्याशिवाय मला भीती वाटते गं."

"हॅलो? आई?"

बाई मोठ्याने बोलल्या. मग ओरडल्या. घसा दुखला. दोनच पायऱ्यांच्या अंतरावरून खाली चाललेल्या शिपायाने मान वळवली नाही.

"आई, काहीच ऐकू येत नाहीये..."

बाई पायरीवर बसल्या. फार, फार दमल्या होत्या. 'जाऊ दे ना,' मनात आलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "कशाला डोक्याला ताप!"

"हां, आता कसं स्पष्ट येतंय!" लेक म्हणाली. "बोल ना, आई."

मग बाईंच्या तोंडून बोलणं सुरू झालं. जेवलीस का, खोली बरी आहे का, दिवा उगाच जाळू नकोस, पाठ ताठ ठेवून बस. लेक हो हो म्हणत होती. बाई फोन कानाला लावून ऐकत राहिल्या.