माणसं : दोन

मुलुंडच्या डोंगराकडचं राखीव जंगल संध्याकाळी बंद होतं. आत जाताना फाटकावरच्या वहीत नाव आणि माणसं किती ते लिहायचं, बाहेर पडताना प्रत्येकानं सही करायची. नाहूरच्या विद्याधर प्रधानांनी त्या रविवारी सवयीनं लिहिलं, 'माणसं : दोन'. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं बायको जाऊन आठ महिने झाले, तरी खोड तशीच होती. खोडायला त्यांचा हात होईना. फाटकावरचा धोंडिराम नवा होता, त्याला काय ठाऊक!

पायवाट इंग्रजी अमदानीतल्या बंगल्याशी संपते. दारं खिळे मारून बंद, आतून वटवाघळांचा उग्र वास. तीस वर्षं ते आणि शुभा याच व्हरांड्यात थर्मासमधला चहा प्यायचे. आजही त्यांनी दोन कप भरले. दुसरा निवला, तोही त्यांनीच प्यायला. आता घरी जाऊन कुलूप उघडायचं, आवाज हवा म्हणून टीव्ही लावायचा. त्यांना रडूच आलं.

"शुभा, चल ना गं घरी... एकट्याला घर खायला उठतं."

पाखरं एकदम गप्प झाली. तिन्हीसांजेला ओसाड जागी कुणाला 'चल' म्हणू नये, असं आई बजावायची. अडुसष्टाव्या वर्षी कसली भीती, म्हणून ते हसले. पण उतरताना मागं वळून काही पाहिलं नाही. पाचोळा वाजत होता. आधी मागं... मग शेजारून... मग पुढं.

फाटकावर धोंडिराम किल्ल्या घेऊन उभा होता.

"काका, मावशी गेल्या की पुढं. सही करून गेल्या."

वहीत सही होती. 'शुभा वि. प्रधान', शेवटच्या अक्षराची शेपटी ती लांबवायची तशीच लांबवलेली.

"काही... बोलली?"

"ह्यांनी बोलावलं म्हणून चाललेय, म्हणाल्या."

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, 'घर'. घरातला तो जुना फोन त्यांनी शुभाच्या तेराव्यानंतर स्वतः बंद करून टाकला होता. जरा उशीर झाला की ती त्यावरूनच विचारायची, "अहो, कुठवर आलात?" आठ महिने ते याच प्रश्नासाठी झुरले होते. आता बोट पुढं होईना.

"घ्या की काका," धोंडिराम फाटक ओढत म्हणाला, "वाट बघत असतील."