घरात आलेलं काम

नागाप्पा हुपरीच्या एसटीत बसला तेव्हा त्याच्या मांडीवर केळ्यांची पिशवी होती. बहिणीकडं जाऊन येतो, असं त्यानं घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण बहिणीकडं तो नंतर जाणार होता. आधी त्याला वीरेशला पकडायचं होतं.

ते दोघं कामाला होते ती कंपनी शहरात, राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर होती. परदेशातल्या दुकानांची जुनी कार्डं संगणकावर दिसायची, त्यांवरची नावं आणि पत्ते बघून टाइप करायचे, एवढंच काम. नागाप्पा तिथला सुपरवायझर. कोण उशिरा आला, कोण चहाच्या टपरीवर रमला, हे त्याला मान न वळवता कळायचं. त्याची खुर्ची दाराच्या तोंडाशी होती. त्या खुर्चीवरनं उठवलं तर आपण कोण, असा विचार त्यानं कधी केला नव्हता.

दोन हजार सहा साली मालकाच्या मुलानं, राजवर्धननं, पुण्याहून नवी टूम आणली. आठवड्यातले काही दिवस लोकांनी घरूनच काम करायचं. संगणक कंपनी देणार, फोनची जोडणी कंपनी देणार. हापिसात एका खुर्चीवर दोघांनी पाळीपाळीनं बसायचं. अट एकच. ज्याचं काम त्यानंच करायचं.

"घरात बसून कोण काम करतंय?" नागाप्पा म्हणाला. "लोळत पडतील की."

"काका, एक माणूस पकडून दावा," राजवर्धन हसत म्हणाला. "नाव घेऊन सांगा, अमका अट मोडतोय. दुसऱ्या दिवशी समद्यांना परत बोलावतो. न्हाय घावला तर दिवाळीनंतर तुम्हीबी घरनं. हापिसात माणसंच न्हाईत, मग राखण कुणाची करणार?"

शब्द हसून बोललेला, पण खरा होता. तेव्हापासून नागाप्पा एकेकाचं काम निरखू लागला. आणि त्याला वीरेश घावला.

वीरेशच्या कामात चूक नसायची. एकसुद्धा नाही. हीच पहिली खोट. दुसरी अशी, की त्याचं काम ऐन दुपारी येऊन पडायचं. आणि दुपारी हुपरीत लाइट नसते, हे नागाप्पाला पक्कं ठाऊक होतं. भारनियमनाच्या नावानं त्याची बहीण फोनवर रोज बोटं मोडायची. लाइट नाही, मग संगणक चालतो कशावर? गडी काम दुसऱ्या गावाला कुणाच्या तरी गळ्यात घालतोय, हे उघड होतं. वीरेश मात्र हल्ली उलटंच मागणं घेऊन यायचा. काका, मला रोज हापिसात बसू द्या. नागाप्पानं त्यातही डाव बघितला.

तो हुपरीत उतरला तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि लाइट गेलेली होती. चांदीला चकाकी देणाऱ्या मोटारी बंद. एरवी त्या गावात घराघरातनं आवाज येतो, पैंजणाच्या कड्या जुळवणाऱ्या बायका उंबऱ्यावर बसून बोलत असतात. आज गल्ली गप्प होती. हवेत जळक्या सवागीचा, टाकणखाराचा वास तेवढा होता. चांदीला डाग देताना, सांधे जोडताना येतो तो.

वीरेश बाहेरच्या सोप्यातच बसला होता. शेजारी त्याची बायको रुद्राणी भाजी निवडत होती. खांबाला टेकून म्हातारी आई. घरात एवढीच माणसं, हे नागाप्पानं येण्याआधी बहिणीकडनं फोनवर काढून घेतलं होतं. वीरेशचा बाप श्रावणात वारला होता.

"या काका," वीरेश म्हणाला. तो दचकला नाही. उलट वाट बघत असल्यासारखा उठला.

"आज तुझा कामाचा दिवस न्हवं?"

"व्हय."

"मग हितं काय करतोयस?"

म्हातारीनं नुसती मान आतल्या खोलीकडं वळवली. तेव्हा नागाप्पाला ऐकू आलं.

टक्. टक् टक्. टक्.

रोज ऐकलेला आवाज. संगणकाची बटणं. घाई नाही, थांबणं नाही. एखादा जुना कारागीर हातोडी चालवतो तसा.

"कोण हाय आत?" नागाप्पाच्या आवाजाला धार आली. सापडला होता.

"कोण न्हाय," वीरेश म्हणाला.

"मला शिकवतोस व्हय?"

"काका... आधी आमचे वडील, अप्पा, बसायचे. तुमच्यापास्नं लपवलं, चुकलं. पण आमच्या गावात घरात काम आलं की ते घराचं असतंय. बाप कड्या वळतो, बायको जोडती, आई डाग देती. कुणाचं काम, असं कोण इचारत न्हाय. अप्पांनी मशीन बघितलं आणि बसले. विंग्रजी येत न्हवतं. नक्षी बघून नक्षी उठवावी तशी अक्षरं उठवायचे. मला बसूच देत न्हवते."

"आणि आता?"

"आताबी बसू देत न्हाईत."

नागाप्पा फिस्कन हसला. असली नाटकं त्यानं हापिसात पुष्कळ बघितली होती. आजी वारली म्हणून रजा घेणारा त्याच आजीबरोबर महाद्वार रोडला घावला होता.

"बाजूला हो," तो म्हणाला.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यानं पाय ठेवला आणि आवाज थांबला. खोलीत अंधार. संगणकाचा पडदा काळा. खुर्चीवर कोणी नाही. नागाप्पानं मागचं दार बघितलं. कडी आतनं लावलेली, तिच्यावर कोळ्याचं जाळं. माळा बघितला. पलंगाखाली वाकून बघितलं. एवढ्याशा खोलीत लपायला मांजरालाही जागा नव्हती. सवागीचा वास इथं जास्तच होता, आणि त्यात मिसळलेला विभूतीचा. संगणकासमोरच्या भिंतीवर माणसाच्या पाठीएवढा पांढुरका डाग होता.

"हितंच टेकवून बसवलं हुतं त्यांस्नी, गेल्यावर," दारातनं म्हातारी म्हणाली. "आपल्या लिंगायतांत बसवूनच नेत्यात, तुम्हाला म्हायती हाय. कपाळाला विभूती, हातात लिंग. सगळं रीतीनं केलं. पर त्यांच्या म्होरं मशीनवर काम तसंच उघडं ऱ्हायलं हुतं, दादा. झाकायचं कुणालाच सुचलं न्हाय."

नागाप्पानं खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची कोमट होती.

त्यानं हात काढला. बाहेर येऊन खिशातला मोबाइल काढला आणि हापिसात लावला. तिथं काम गोळा करणाऱ्या सुष्मितानं उचलला.

"वीरेशचं काम येतंय का?"

"येतंय की सर. मगाधरनं चालूच हाय. आत्ता जरा थांबलं हुतं."

"आणि आता?"

"आता परत सुरू झालं."

त्याच्या पाठीमागं, आतल्या खोलीत, टक् टक् सुरू झालं होतं. रुद्राणीनं भाजीवरनं मान वर केली नाही. तिचे हात मात्र थांबले.

"काका," वीरेश हळू म्हणाला, "सायबांना सांगा, ह्यो चोर हाय. मला काढून टाका न्हायतर हापिसात बांधून घाला. पर हे मशीन घरातनं न्या. आमी आत झोपत न्हाय... सोप्यातच झोपतोय समदी."

बहिणीकडं न जाता नागाप्पा परतला. एसटीत त्यानं पुन्हा पुन्हा हिशेब मांडला. वायरी कुठनं तरी शेजारच्या घरात गेल्या असतील. घरातले सगळे सामील असतील. सुष्मितासुद्धा. तिला वीरेशबरोबर हसताना त्यानं बघितलं होतं. पण कोमट खुर्चीपाशी आलं की हिशेब अडायचा.

दुसऱ्या दिवशी तो राजवर्धनसमोर उभा राहिला.

"सापडला का चोर, काका?"

"सापडला."

"कोण? वीरेश?"

"तो न्हाय. त्याच्या घरातलं दुसरं कोणतरी काम करतंय."

"नाव?"

वीरेशच्या घरातली सगळी माणसं नागाप्पाच्या डोळ्यांसमोर बसलेली होती तेव्हा. राहिलेलं एकच नाव त्याच्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर आख्ख्या राजारामपुरीत पोरांनी त्याला बघून दात काढले असते. म्हातारा चळला म्हणाले असते. खुर्ची गेली तर चालेल, हसं नको.

"नाव न्हाय," तो म्हणाला.

"मग झालं तर. ठरल्याप्रमाणं," राजवर्धन म्हणाला. हसला नाही, एवढी लाज त्यानं राखली.

"एक सांगतो. वीरेशला रोज हापिसात घ्या. माझी खुर्ची मोकळीच हाय."

"घेतो की. मग त्याचं मशीन तुम्ही न्या. नवं कशाला काढायचं?"

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. नागाप्पा नाही म्हणाला नाही. आणि मनात त्याला वाटलंच, बघू तर. यंत्र म्हणजे यंत्र. हुपरीच्या लोकांनी केलेलं नाटक आपल्या घरात कसं चालतं, तेच बघू.

दिवाळी झाल्यावर संगणक त्याच्या घरी आला. मधल्या खोलीत मांडला. काही झालं नाही. नागाप्पा बसायचा, नावं-पत्ते भरायचा, पाठ दुखली की उठायचा. बायको शिवलीला सोप्यात वाती वळत बसायची. कसला आवाज नाही, कसला वास नाही. आपण शहाणे ठरलो, असं तो स्वतःला रोज सांगायचा. तरी उठताना तो पडदा टॉवेलनं झाकायचा. एकदा विसरला.

त्या दिवशी तो मंडईतनं भाजी घेऊन आला. शिवलीला पाण्याचा तांब्या घेऊन मधल्या खोलीच्या दाराशी पोचली होती. त्याला बाहेरच्या दारात बघून ती थबकली.

"तुम्ही भाईर कवा गेलासा?"

"मगाच. जेवण झाल्या झाल्या."

"आणि आत्ता पाणी मागितलं ते?"

नागाप्पानं पिशवी खाली ठेवली नाही. "काय म्हणालो मी?"

शिवलीला जरा लाजली. एवढ्या वयात लाजली.

"नावानं हाक मारलीत. चाळीस वर्षांत पयल्यांदा. 'अगं' न्हाय, 'ऐकलीस का' न्हाय... शिवलीला म्हणालासा. लई चांगलं वाटलं बगा कानाला."

आतनं टक् टक् ऐकू आलं, थांबलं, आणि हाक आली. आवाज नागाप्पाचाच होता, पण त्यापेक्षा मऊ.

"शिवलीला..."

तिनं दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं. मग मधल्या खोलीकडं बघितलं. तांब्या सावरला.

"आले," ती म्हणाली, आणि आत गेली.